सहावी ‘ब’ची रिकामी खुर्ची

मंगळवार, ९ डिसेंबर

कालच्या नोंदीत एक चूक आहे. मी लिहिलं होतं, ‘एकूण मतदान ४१.’ तो आकडा मी हजेरीपटावरून घेतला होता, चिठ्ठ्या मोजून नाही. वर्गात एक्केचाळीस मुलं होती म्हणून मतं एक्केचाळीस, असं धरून चालले. आज रिकाम्या तासाला सहज बेरीज केली. नोटा १५, जिज्ञासा १३, प्रीतम १०, राजसी ६. चव्वेचाळीस येतात.

पाच वेळा केली. मग खालून वर केली. चव्वेचाळीसच.

म्हणजे माझ्या वर्गात बोगस मतदान झालं आहे. नागरिकशास्त्राचा धडा नीट समजावा म्हणून मी सहावी ‘ब’मध्ये मॉनिटरची निवडणूक घेतली, आणि मुलांनी धड्यात नसलेलंच शिकून घेतलं. सगळीकडे खऱ्या निवडणुकीचे फलक लागलेत, त्यातून उचललं असणार. प्रीतमने तर शाळेच्या फाटकावर स्वतःचा फलक लावला होता, ‘भावी मॉनिटर प्रीतमदादा’, गॉगल लावून, मागे जेसीबी. जेसीबीच त्याचं चिन्ह. राजसीची शिट्टी. तिच्या आईने मार्गशीर्षातल्या गुरुवारी वर्गातल्या मुलांच्या आयांना हळदीकुंकवाला बोलावून सव्वीस स्टीलचे डबे वाटले, प्रत्येकावर शिट्टीचं स्टिकर. मतं सहा. जिज्ञासाचं चिन्ह खोडरबर. तिने प्रचार केला नाही. एकेकाला जाऊन विचारलं, ‘तुला काय अडचण आहे?’ आणि वहीत लिहून घेतलं.

आणि जिंकला नोटा. ‘वरीलपैकी कोणीही नाही.’ जिज्ञासा रडली नाही. खोडरबर कंपासपेटीत ठेवला आणि झाकण लावलं.

बुधवार, १० डिसेंबर

मुख्याध्यापक श्रीपाद सरांना सांगितलं की, स्थानिक निवडणुकीत नोटाला सर्वांत जास्त मतं पडली तर निवडणूक पुन्हा घ्यावी लागते, असं मी वर्गात शिकवलंय, तर आपणही घेऊ. चव्वेचाळीसचं काही बोलले नाही. पुन्हा घेतली असती तर तेही आपोआप मिटलं असतं. (हे लिहिताना लाज वाटते, पण असंच मनात होतं.)

सर म्हणाले, “पुन्हा? बाई, त्या लाउडस्पीकरने माझं बीपी वाढलंय. बाळाशेठने प्रीतमच्या प्रचाराला फाटकाबाहेर बेंजो लावला होता. पुन्हा नाही.”

“मग मॉनिटर कोण करायचा सर?”

“मुलांनी कोणाला निवडलं?”

“नोटाला.”

“मग नोटाला करा. लोकशाही आहे.”

मला वाटलं, गंमत करतायत. संध्याकाळी शाळेच्या ग्रुपवर त्यांनी अभिनंदनाचा संदेश टाकला, हार आणि मोदकांच्या चित्रासकट.

घरी आईला सगळं सांगितलं. आई अंबरनाथच्या ज्या शाळेत झाडलोट करते, तिथे दर निवडणुकीला बूथ लागतो. ती शाळेत शिकलेली नाही. सही करते ती मीच शिकवलेली, ‘विठा’, आणि ‘ठा’चा गोल अजून उघडा राहतो. भाकरी थापता थापता तिने विचारलं, “पेटी उलटी करून दाखवलीस का आधी?”

“कशाला?”

“अगं, मी पाचला झाडायला जाते ना, तवा बघते. साहेब एजंट लोकांसमोर मशीनवर खोटी मतं टाकतो. चालतंय का बघाया. मग मोजून दाखवतो, मग पुसतो, मग सील. पुसल्याबिगर खरं मतदान चालूच करत न्हाय. तू खोटी मतं टाकलीस का?”

टाकली होती. चिठ्ठीवर ठसा कसा मारायचा हे मी करून दाखवलं होतं. चित्रकलेच्या तासाला वापरतो तसा भेंडीचा देठाकडचा तुकडा, जांभळ्या शाईत बुडवून. मागच्या बाकांना दिसलं नाही म्हणून तिन्ही रांगांसमोर वेगवेगळं दाखवलं. कोणाही उमेदवाराला झुकतं माप नको म्हणून तिन्ही वेळा ठसा नोटासमोर मारला. आणि चिठ्ठी पेटीत कशी टाकायची, तेही दाखवलं. तीनदा. पेटी म्हणजे बिस्किटांचा पत्र्याचा डबा. तो मी रिकामा केलाच नाही.

बोगस मतदान मीच केलं आहे.

नोटा १५ वजा ३, बारा. जिज्ञासा १३. जिज्ञासा जिंकली आहे.

आई म्हणाली, “भाकरी गार होतेय.”

शुक्रवार, १२ डिसेंबर

काल सांगणार होते. काल सकाळी सर स्वतः वर्गात आले आणि त्यांनी नोटाचा शपथविधी केला. फळ्याशेजारी एक रिकामी खुर्ची ठेवली आणि तिच्या पाठीला मॉनिटरचा बिल्ला टाचला. मुलं उभी राहून टाळ्या वाजवत होती. सरांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला जानेवारीत कायम करायचं की नाही, हे सरच ठरवणार आहेत. या कारणामुळे बोलले नाही असं नाही. पण या कारणामुळे बोलले नाही असंही आहे.

आज कार्यालयातल्या उमाताईंनी बोलावलं. संस्थेच्या ॲपमध्ये सगळ्या मॉनिटरांची माहिती भरायची होती.

“पहिलं नाव?”

“उमाताई, तो नाहीये.”

“नाहीये ते मला माहितीय गं. लाल चांदणी आहे, रिकामं सोडता येत नाही. नाव लिहिते ‘नोटा’. वडिलांचं नाव?”

मी खिडकीबाहेर बघितलं.

“वरीलपैकी,” उमाताई टाइप करत म्हणाल्या. “आडनाव, कोणीहीनाही. सलग लिहिते, नाहीतर घेत नाही. रक्तगट ओ टाकते, सगळ्यांना चालतो. पालकांचा मोबाइल?”

“कोणाचा देणार?”

“तुझा देते. ओटीपी सांग.”

मी सांगितला. आता मी नोटाची पालक आहे.

सोमवार, १५ डिसेंबर

सकाळी सात वीसला मोबाइलवर संदेश. ‘आपला पाल्य नोटा आज शाळेत गैरहजर आहे. कृपया कारण कळवावे.’ मी त्या वेळी वर्गात नोटाच्या खुर्चीसमोरच उभी होते.

कारणांच्या यादीत तीनच पर्याय आहेत. आजारी, लग्नकार्य, गावी. मी ‘गावी’ निवडलं. दिवसभर अस्वस्थ होते. धडधडीत खोटं आहे. पण ‘आजारी’ जास्त खोटं वाटलं असतं.

मंगळवार, १६ डिसेंबर

वर्गात काहीतरी चाललं आहे. दोन मुलांचं खिडकीजवळच्या जागेवरून महिनाभर भांडण होतं. मी समजावलं, ओरडले, बाहेर उभं केलं, उपयोग शून्य. कोणीतरी तक्रार लिहून नोटाच्या खुर्चीवर ठेवली. आज सकाळी तिथे उत्तर होतं: ‘सोमवार बुधवार सोनू. मंगळवार गुरुवार प्रज्वल. शुक्रवारी दोघं पंख्याखाली, तिथे उजेड नाही हे त्यांना कळेल.’ खाली जांभळा भेंडीचा ठसा.

दोघांनी वाचलं आणि जाऊन आपापल्या जागी बसले. सोनू म्हणाला, “नोटाने बोला तो बोला.”

अक्षर कोणाचं ते मी ओळखू शकले असते. रोज एक्केचाळीस वह्या तपासते. पण मतदान गुप्त असतं असं मीच शिकवलं, आणि नोटा हा त्या मतदानातूनच आलेला आहे. म्हणून अक्षराकडे नीट बघायचं नाही असं ठरवलं. कागद वाचताना मी डोळे थोडे बारीक करते.

गुरुवार, १८ डिसेंबर

आज चार तक्रारी, चार उत्तरं. पाण्याच्या बाटलीला झाकणावरून खूण करायची. डब्यात मासे आणणाऱ्याने दाराजवळ बसायचं, पण त्याला कोणी ई करायचं नाही, केल्यास त्याच्याच डब्यातला एक घास खायचा. सगळं पाळलं जातं. शेजारच्या ‘अ’ वर्गाच्या बाई विचारून गेल्या, तुझ्याकडे एवढी शांतता कशी.

माझा संशय प्रीतमवर आहे. हरल्यापासून फार शहाण्यासारखा वागतो.

जिज्ञासा रोज साडेसहालाच येते. तिची आई, तुळशीताई, उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात धागे कापायला जाते आणि जाताना हिला फाटकात सोडते. वर्ग उघडायला गेले की ही एकटी पायरीवर असते, बोटं शाईने भरलेली, बहुतेक पेन गळतं. आज तिला माझ्याजवळचं एक पेन दिलं. डब्यात रोज भेंडी असते बिचारीच्या. मुलीला दुसरी भाजीही देत जा, असं तुळशीताईंना सांगायला हवं.

शुक्रवार, १९ डिसेंबर

प्रीतमचे वडील वर्गात आले. बाळाशेठ. बदलापूर गावातले, मूळ शेतीवाले, आता बांधकामाचं बघतात. माझ्या खुर्चीत मावत नव्हते. सोबत त्यांची आई, कौसाबाई, नऊवारी नेसलेल्या, उभ्याच राहिल्या.

“बाय, इलेक्शन आमीपन लरलोय. दोनदा परलो. हरलो त हरलो, त्याचा काय नाय. पन हरवनारा दिसाय पायजे का नको? मानूस समोर असला म्हंजे हार घालता येतो, भांडता येतो. या तुमचे नोटाला मी काय करू?”

मी म्हटलं, “शेठ, नोटा म्हणजे कोणीच नाही.”

“त्येच त सांगतंय. पोराला कोनीच नायनी हरवला. गावान तोंड कसा दाखवाचा?”

कौसाबाई एवढा वेळ नोटाच्या खुर्चीवरच्या बिल्ल्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, “बाला, ये बरा हाय. खात नाय, पीत नाय, बॅनर लावत नाय.” आणि जाताना त्यांनी खुर्चीला हात लावून नमस्कार केला.

बाळाशेठ दारातून परत वळले. “बाय, मोजनी नीट झाली ना? शंका नाय, आपला इचारतंय.”

मी म्हटलं, “प्रीतमची दहा मतं पक्की आहेत.” हे खरं आहे. खरं बोलूनही खोटं बोलता येतं, हे मला आज पहिल्यांदा कळलं. घरात मी पहिली शिकलेली, आणि शिकून हे जमायला लागलं.

सोमवार, २२ डिसेंबर

फाटकात तुळशीताई भेटल्या. घाईत होत्या, पण थांबल्या.

“बाई, एक विचारू? हिला तेरा मतं पडली म्हणते. खरंच का?”

“खरंच.”

“तेरा पोरांना हिचं नाव माहिती आहे?” त्यांनी जिज्ञासाच्या वेणीवरून हात फिरवला. “मला कारखान्यात चार वर्षं झाली, शेठ अजून ‘ए बाई’च बोलतो. तेरा म्हणजे पुष्कळ झाले. मी रात्री हिच्या पप्पांना पण फोन करून सांगितलं. हरली तर हरली, असू दे.”

हरली नाही, असं माझ्या ओठांवर आलं होतं. रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला आणि त्या गेल्या. मीही त्यांना थांबवलं नाही. भेंडीचं सांगायचंही राहिलं.

मंगळवार, २३ डिसेंबर

आज जिज्ञासाला मधल्या सुट्टीत थांबवून घेतलं. सरळ बोलायची हिंमत नव्हती म्हणून आडून विचारलं, “समज, त्या दिवशी तूच जिंकली असतीस, तर?”

तिने विचार केला. ती फार विचार करून बोलते. “तर प्रीतमने माझं ऐकलं नसतं. सोनूने पण नाही. मग मी तुमच्याकडे आले असते, आणि तुम्ही ओरडला असतात, आणि त्यांनी मला बाहेर धरलं असतं.”

“आणि आता?”

“आता नोटाचं ऐकतात. नोटाला कुठे धरणार?”

“पण तुला वाईट नाही वाटत?”

“थोडं वाटतं,” ती म्हणाली. “आईने लाडू केले असते.”

मग तिने विचारलं, “बाई, ती बारा मुलं कोण, ज्यांनी नोटाला दिलं, माहितीय?”

मी दचकले. तिने बारा म्हटलं, पंधरा नाही. बहुधा चुकून. मी म्हटलं, मतदान गुप्त असतं.

“त्यांनीच सांगितलं. तुम्ही जिथे ठसा मारलात तिथेच मारायचा असतो, असं त्यांना वाटलं. उत्तर दाखवल्यासारखं.”

म्हणजे ती बारा मतंही माझीच. मी एकटीने पंधरा मतं दिली. मी आजवर खऱ्या निवडणुकीत एकदाच मतदान केलंय, तेव्हाही बूथमध्ये इतका वेळ लावला होता की साहेबाने बाहेरून विचारलं, ‘झालं का?’

शुक्रवार, २ जानेवारी

नाताळच्या सुट्टीत ठरवलं होतं की पहिल्याच दिवशी सरांना सांगायचं. सकाळी त्यांच्या खोलीत गेले तर त्यांनीच पेढा पुढे केला. रिकाम्या खुर्चीचा फोटो त्यांनी संस्थेला पाठवला होता. संस्थेला तो फार आवडला. शनिवारी दहा तारखेला सहावीची पालकसभा आहे, त्याला संस्थेचे लोक येणार आणि मला ‘उपक्रमशील शिक्षिका’ म्हणून प्रमाणपत्र देणार. सर म्हणाले, “कायम झालात असंच समजा.”

पेढा मी हातातच धरला. मी फक्त मान हलवली.

आणि वर्गात पोचते तर संदेश. ‘आपला पाल्य नोटा याची उपस्थिती शून्य टक्के आहे. पालकांनी शनिवार दि. १० जानेवारी रोजी सकाळी ९ वाजता पालकसभेस समक्ष उपस्थित राहावे.’

उमाताईंना विचारलं, आता? त्या म्हणाल्या, “यायला लागेल. न आलेल्या पालकांची यादी निघते.”

“मी शिक्षिका म्हणून समोर बसणार ना?”

“मग दोन्हीकडे सही कर.”

सोमवार, ५ जानेवारी

आज मी एक गोष्ट केली जी शिक्षिकेने करायला नको होती. सगळी मुलं गेल्यावर एक चिठ्ठी लिहिली आणि नोटाच्या खुर्चीवर ठेवली. माझं अक्षर ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हाताने.

‘एका व्यक्तीने मतदानात चूक केली. त्यामुळे जिंकलेली मुलगी हरली. त्या व्यक्तीने आता सांगितलं तर तिचं नुकसान होईल आणि सगळ्यांना आवडलेली गोष्ट मोडेल. नाही सांगितलं तर मुलीचं नुकसान आहे. काय करावं?’

एम.ए. बी.एड. होऊन रिकाम्या खुर्चीला सल्ला विचारते आहे. आईला सांगितलं तर ती हसेल, असं वाटलं. सांगितलं. हसली नाही. म्हणाली, “उत्तर आलं की मलापण वाचून दाखव.”

मंगळवार, ६ जानेवारी

उत्तर आलं. डोळे बारीक करूनच वाचलं. जसंच्या तसं उतरवते:

‘बाई, चूक सगळ्यांनी बघितली होती. तुम्ही डब्यात तीनदा चिठ्ठी टाकलीत आणि डबा रिकामा केला नाहीत. आम्ही बोललो नाही कारण तुम्ही खूप घामाघूम होता. सांगा. पण सगळ्यांसमोर सांगा, एकट्या सरांना नाही, नाहीतर ते पेढा देतील. पुढच्या वेळी डबा उलटा करून दाखवा. जिचं नुकसान झालं तिला चालेल, पण तिच्या आईला बोलवा. खुर्ची काढू नका, दप्तर ठेवायला कामाला येते.’

खाली ठसा.

डावा हात वापरूनही कसं ओळखलं, कळत नाही. आणि पेढ्याचं नोटाला कसं कळलं? प्रीतमचा संशय मी मागे घेते. प्रीतम ‘घामाघूम’ लिहिताना दोन चुका करतो.

आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “हे लेकरू बूथवर पायजे.”

बुधवार, ७ जानेवारी

सकाळी साडेसहाला फाटकात उभी राहिले. तुळशीताईंना म्हटलं, “शनिवारी पालकसभेला तुम्ही यायलाच हवं.”

त्यांचा चेहरा उतरला. “काय केलं हिने?”

“काही वाईट नाही.”

“बाई, शनिवारी माल जातो आमचा. सुट्टी मिळत नाही. आजवर एकाही सभेला आले नाही मी, तुम्ही चांगल्या म्हणून काही बोलला नाहीत.” त्यांनी जिज्ञासाकडे बघितलं. जिज्ञासा बुटाच्या नाडीकडे बघत होती. “खरंच यायला हवं?”

“हवं. मीही येणार आहे, पालक म्हणून.”

त्यांना ते समजलं नाही, पण त्या म्हणाल्या, “बघते. बदली बाई मिळाली तर.”

दुपारी त्यांचा फोन आला. मागे मशीनचा आवाज होता, ओरडून बोलत होत्या. “मिळाली! अर्धा दिवस! नऊला ना? साडी नेसून येऊ का ड्रेस चालेल?”

मी म्हटलं, साडी नेसा.

आज कागदावर मजकूर लिहून काढला, तो असा: ‘मतमोजणीत तीन चिठ्ठ्या माझ्या होत्या. खरा निकाल: जिज्ञासा तेरा, नोटा बारा, प्रीतम दहा, राजसी सहा. एकूण एक्केचाळीस.’ पाच वेळा बेरीज केली. प्रमाणपत्र द्यायला पाहुणे उठण्याआधी वाचायचं, नंतर नाही. बिल्ला खुर्चीवरून मी स्वतः काढणार आहे. टाचणी वाकली आहे, पक्कड घेऊन जायला हवी. बिस्किटांचा डबाही नेणार, उलटा करून दाखवायला.

कायम करतील की नाही, माहीत नाही. त्याची भीती आहेच. पण खरं सांगायचं तर त्याहून मोठी चिंता वेगळी आहे. नोटा गेल्यावर मुलांच्या तक्रारी कोण सोडवणार? जिज्ञासा मुलगी गुणी आहे, पण फार गप्प. तिला झेपेल का? सुरुवातीला तिला माझी मदत लागेल.

शनिवार, १० जानेवारी. सकाळी नऊ वाजता. आधी पालकांच्या यादीत नोटासमोर सही करीन, मग उठून उभी राहीन.